बोंदोच्या पोटातली शांतता

कुताइसीच्या सरकारी इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर
बोंदोचं पोट गप्प आहे.

चाळीस वर्षं हा माणूस तामादा होता:
लग्नात, बारशात, माती देऊन आल्यावरच्या जेवणात
मेजाच्या टोकाशी उभा राहून पेला उंचावणारा.
त्याचं बोलणं संपेपर्यंत
कुणी घोट घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

परवा त्याच्या आतड्याला पीळ पडला.
डॉक्टर नाझीब्रोलानं हातभर काळंनिळं कापून काढलं,
उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवली
आणि हात धुता धुता मला म्हणाली,
"त्सिउरी, आता ऐकत राहा."

म्हणून मी ऐकते.
नळीची थंड चकती तळहातावर ऊब देऊन
बेंबीच्या चारी अंगांना ठेवते, दर दोन तासांनी.
काही नाही.
पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात ना,
तसं, अगदी शब्दशः.

एरवी ते कधी गप्प नसतं.
जिभेनं घास मागे सारला की तुमची सत्ता संपली.
पुढे नळी आवळते, सैल होते, पुन्हा आवळते,
लाट ढकलत नेते;
उलटं टांगून घेतलंत तरी घास बरोबर जठरात.
आमची वाईन मातीत पुरलेल्या रांजणात मुरते,
जठरही तसलाच एक अंधारा रांजण,
फक्त हा स्वतःच स्वतःला घुसळतो,
आणि आतलं आम्ल असं जळजळीत
की दर चार-सहा दिवसांनी नवं अस्तर लावलं नाही
तर रांजणच रांजणाला खाईल.

मग पित्त. हिरवं, कडू, कामाचं.
अक्रोडाच्या चटणीतलं तेल तेच फोडतं.
मग वीस फुटांची मखमल,
तिची बोटं इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत,
पण मक्याच्या गोमीतली गोडी तीच टिपतात
आणि रक्ताच्या ओंजळीत घालतात.
अंगी लागणं म्हणतात ते हेच.
शेवटचं मोठं आतडं माझ्या सासूसारखं:
पिळून पिळून पाणी काढल्याशिवाय
काही म्हणून टाकायचं नाही.

यातलं काहीही बोंदोनं कधी कुणाला सांगितलेलं नाही.
त्यानं पेले उंचावले ते पूर्वजांसाठी, द्राक्षांसाठी,
सीमेपलीकडे राहिलेल्या गावासाठी.
आतड्यासाठी एकही नाही.

"काय म्हणतंय?" तो विचारतो.
"काही नाही."
"माझ्यावर गेलं नाही मग."
हसताना टाके ओढतात, तो उशी पोटाशी धरतो.

लामझिरा, त्याची बायको, स्टुलावर बसून.
पहिल्या दिवशी म्हणाली, चला, घरात शांतता तरी.
दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाली नाही.
आज तिनं कोंबडीचं पाणी तीनदा गाळून आणलंय
आणि थर्मासचं झाकण नुसतं फिरवत बसलीय,
उघडायचं, लावायचं.

तिसरी रात्र. चार वाजून दहा मिनिटं.
उजव्या अंगाला, खोल विहिरीत
कुणी एक खडा सोडल्यासारखं.
मी श्वास धरला.
मग जुन्या दाराची करकर.
मग लांबलचक, ओला, गुरगुरता,
वाक्यात वाक्य अडकलेला आवाज,
आणि त्याच्या पाठोपाठ
चादरीखालून जे व्हायचं ते झालं,
मोठ्यानं.

बोंदो कानापर्यंत लाल.
लामझिरा रडायला लागली की हसायला, मला कळलं नाही.
खिडकीजवळच्या खाटेवरचा मूतखड्याचा म्हातारा जागा झाला,
त्यानं प्लास्टिकचा पाण्याचा पेला उचलला
आणि सवयीनं बोंदोकडे पाहिलं.

बोंदोला शब्द सापडेना.
त्यानं पोटाकडे बोट दाखवलं.

मी वहीत वेळ लिहिली. वायू सरला.
डॉक्टरला खालून बोलावलं. तिनं चकती ठेवली,
डोळे मिटले, मान हलवली: एक चमचा. एकच.
लामझिरानं थर्मास उघडला, चमचा भरला, ओठांशी नेला,
आणि तेवढ्यात ते पुन्हा बोलू लागलं.

चमचा हवेत धरून ती थांबली.